नाझरांचे सात मासे

दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तर आमच्या नाझरांनी. असा मनुष्य ठाण्यात पुन्हा झाला नाही, आणि कल्याणापासून मुंबईपर्यंत कुठे झाला असेल तर माझ्या ऐकिवात नाही. कचेरीत जप्त होऊन आलेला माल ज्याच्या ताब्यात असतो तो नाझर. पण यांना सरकारने नाझर केले नव्हते, ते जन्मलेच तसे होते. एकदा जप्तीत एक पोपट आला. त्याने नवा शब्द उचलला तर मालात फेरफार झाल्यासारखे होईल, म्हणून निकाल लागेपर्यंत नाझरांनी त्याच्यासमोर तोंडातून अवाक्षर काढले नाही. कुणी छत्री उसनी दिली तर ती पावसात उघडीत नसत. परक्याची छत्री भिजवायची कशी? ती उपरण्याखाली झाकून स्वतः चिंब होऊन घरी येत. मी त्यांच्या हाताखालचा कारकून आणि भिंतीला भिंत लागून शेजारी, त्यामुळे हे सगळे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आमचे गोरे साहेब नोकरी संपवून कुटुंबासह कायमचे विलायतेला निघाले, तेव्हा आम्ही कचेरीतली मंडळी बंगल्यावर निरोपाला गेलो. मडमेजवळ काचेची एक मोठी पेटी होती. तिच्यात समुद्राचे पाणी भरून ती पट्ट्यापट्ट्यांचे चिमुकले मासे पाळीत असे. पेटी आता रिकामी केलेली होती आणि मासे शेजारच्या बादलीत होते. नको असलेल्या खुर्च्या आणि कुंड्या वाटून झाल्यावर मडम नाझरांना आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "नाझर, हा तुमी ठेवा." आम्हा सगळ्यांना अर्थ कळला. बाई पेटी देऊन टाकीत होती. नाझरांनी मात्र हात जोडले, "ठेवतो, बाईसाहेब," म्हणाले आणि माझ्याकडून बोरू घेऊन जागच्या जागी पावती लिहिली : 'काचेची पेटी एक, उजव्या कोपऱ्यास चीर. मासे जिवंत, नग सात. ठेव म्हणून पोचले.' मडमेने ती हसून घेतली, ओसरीवरच्या टेबलावर टाकली आणि गाडीत बसली. वाऱ्याने कागद उडाला, तो उचलून मी खिशात घातला. नाझरांना खरे सांगावे असे मनात आले होते; पण ते दोन्ही हातांनी बादली धरून, गंगेची कावड नेणाऱ्या माणसासारखे पावले टाकीत होते. उद्या सांगू, म्हटले. तो उद्या पुढे अकरा वर्षे उजाडला नाही.

पेटी नाझरांच्या अंगणात तुळशीशेजारी मांडली गेली. नव्या पाण्याची सोय नाझरांनी आपल्या घरच्या शिस्तीने लावली. घरात पाणी तांब्याचेच चाले, म्हणून खाडीचे पाणी घासून लखलखीत केलेल्या तांब्याच्या हंड्यात आणून रात्रभर झाकून ठेवीत आणि सकाळी पेटीत ओतीत. सूर्यदर्शन व्हावे म्हणून पेटी दिवसभर उन्हात असे. आणि घरातल्या जिवाला उपाशी ठेवून आपण कसे जेवायचे, म्हणून दोन्ही वेळा आधी माशांना मूदभर भात पडे. मासे मोजायचे, सात भरले की मगच पाटावर बसायचे, असा नेम त्यांनी धरला होता.

आठ दिवसांत काचेवर हिरवे शेवाळ धरले. नाझर ते काथ्याने घासून काढीत, दोन दिवसांत ते पुन्हा दुप्पट येई. पाण्याला वास सुटला. मासे कोपऱ्यात दडून बसू लागले, मग पाण्याच्या वर तोंडे काढून धापा टाकू लागले. एका सकाळी मोजदाद पाचावर थांबली. नाझरांनी स्नान केले आणि त्या दिवशी पाटावर बसलेच नाहीत. मला हाक मारून कुंपणापाशी बोलावले. त्यांचा चेहरा पाहून मला हसू येईना. "बत्तीस वर्षांत माझ्या ताब्यातली टाचणी हरवली नाही हो," ते म्हणाले. "बाईसाहेब आल्या तर काय तोंड दाखवू?" तेव्हा तरी मी सांगायला हवे होते. ओठांवर आलेले शब्द मी गिळले आणि तपकिरीची चिमूट ओढली.

वाचवले ते चेंदणीच्या एका कोळणीने. ती पलीकडच्या आळीला मासळी विकायला जात असे. आमच्या आळीत तिला कुणी हाक मारण्याचे कारणच नव्हते. पण पेटी बघून ती आपण होऊन थांबली.

"अवो नाझर, यो काय केलाव? मासलीला तांब्याचा पानी! तांबा लागला क मासली मरते. मातीचे मरक्यान आना पानी."

"मडक्यात? बरं. आणि शेवाळ?"

"उनात ठेवल्याव, वर भात घालताव, मंग शेवाल नाय होनार? ती काय बामनाच्या पंगतीला बसलीय?"

अशी बोलणी नाझरांनी साहेबाचीही ऐकून घेतली नसती, पण इथे मान खाली घालून 'बरं, बरं' म्हणत राहिले. त्याच दुपारी पेटी पडवीच्या सावलीत आली आणि भात बंद झाला. कोळणीने खाडीतल्या चार गोगलगायी आणून दिल्या, त्या काचेवरचे शेवाळ चाटूनपुसून खाऊ लागल्या. सगळे पाणी एकदम बदलायचे नाही, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला थोडे काढून तेवढेच नवे घालायचे, हेही तिनेच शिकवले. दोन मासेही तिने आणले. पण बदली माल ठेवीत घ्यावा की नाही, यावर नाझरांनी तीन दिवस विचार केला. शेवटी घेतले, परंतु त्यांना ते 'उमेदवार' म्हणत. पुढे मूळचे मासे एकेक करून गेले आणि सातही उमेदवारच उरले. एकालाही त्यांनी कायम केले नाही.

सोवळे नेसणारा नाझर खांद्यावर मडके घेऊन कोळणींच्या मागोमाग खाडीवरून येतो, हे पाहून आळी वर्षभर कुजबुजत होती. मग तिलाही सवय झाली. नाझर पेन्शनीत निघाले, पाठीत वाकले, पण त्यांचे उधाण कधी चुकले नाही.

अकराव्या वर्षी त्यांनी अंथरूण धरले. खाणे सुटले, पण मोजणे सुटले नाही. मान वळवून पडवीकडे बघत आणि एकेक बोट दुमडीत. 'बाईसाहेब' हा एकच शब्द मला भिंतीपलीकडून सारखा ऐकू येई. मला ते सहन होईना. एका दुपारी मी ती जुनी पावती घेऊन गेलो आणि आयुष्यात प्रथमच त्यांच्याशी खोटे बोललो.

"बाईसाहेबांनी विलायतेहून टपालाने परत पाठवलीय. पेटी तुमचीच, असं कळवलंय."

नाझरांनी चष्मा मागितला. कागद उलटसुलट पाहिला, मग नाकाशी नेला.

"विलायतेत तुमची तपकीर मिळते वाटतं?" ते म्हणाले.

मी खिशातली तपकिरीची डबी चाचपली. ते हसले.

"मला त्या दिवशीच कळलं होतं हो. बाईंना नको होती, म्हणून दिली."

"मग अकरा वर्षं ही पायपीट कशासाठी केलीत?"

"माझी म्हणून आणली असती तर महिन्याभरात माळ्यावर गेली असती. आपल्या वस्तूला मनुष्य इतकं जपतो का?" धाप आवरून ते म्हणाले, "आणि समजा, आल्याच असत्या, तर?"

मग त्यांनी पावतीची घडी केली, माझ्या हातात दिली आणि पडवीकडे मान केली. "हे आता तुम्ही ठेवा."

त्यांना कोणत्या अर्थाने म्हणायचे होते ते मी विचारले नाही. चार दिवसांनी नाझर गेले. त्यांच्यासारखा मनुष्य मला शेजारी लाभला आणि मी त्यांना भाबडे समजत राहिलो, याचे वाईट वाटले ते अजून वाटते.

पेटी आता माझ्या पडवीत आहे. मला मासे आवडत नाहीत, खाडीच्या चिखलात पाय घसरतात आणि मडके खांद्याला टोचते. पाहुणे विचारतात, "मासे तुमचे का?" मी म्हणतो, "नाही, नाझरांचे. ठेव आहे." आत पाने वाढलेली असतात, घरातून हाका येत असतात. मी पेटीपाशी वाकून मोजतो, आणि सात भरल्यावर जेवायला जातो.