दारासमोरचं रिंगण

त्या रिंगणाची आठवण झाली की आजही मी चालता चालता गवताकडे वाकून बघतो.

लोणार तालुक्यातल्या एका गावातून सकाळी पोलीस पाटलाचा ठाण्यात फोन आला. "साहेब, लवकर या. म्हातारीले गावाबाहेर काढून राह्यले." स्टेशन डायरीत नोंद करून मी जमादारांसह निघालो.

म्हातारी विधवा, गावाच्या कडेला एकटी राहणारी. तिच्या दारासमोरच्या गुडघाभर गवतात रातोरात एक रिंगण पडलं होतं. अगदी गोल. आतलं गवत जमिनीलगत संपलेलं, बाहेरचं जसंच्या तसं उभं. ना खुरांचे ठसे, ना शेण. सगळा गाव जमला होता, पण आत कोणी पाय टाकत नव्हतं.

"करणी हाय साहेब," तिचा पुतण्या म्हणाला. "काकू, तू लेकीकडे चालली जाय. वावर मी पाहीन."

"माह्याच दारात मी काऊन करू बाप्पा?" एवढंच ती बोलली.

मी उकिडवा बसलो. जमादार हळूच म्हणाले, "साहेब, गवताचा जबाब घेता का?"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी. प्राणिशास्त्रात शिकलेलं चारचौघांत बोलायला मला संकोच वाटे. पण आठवलं: गाय-बैलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे टणक हिरडी असते. ते जिभेनं गवत वेढून ओढतात, मागे ओबडधोबड खुंट राहतात. घोड्याला पुढचे दात वर-खाली दोन्हीकडे, म्हणून तो जमिनीलगत कापतो. इथली पाती कापलेली होती. मेंढीही खालून चरते, पण एका रात्रीत एवढं गवत तिच्या पोटात मावलं नसतं. रिंगणाच्या मधोमध माती चाचपली, तर खुंटीचं बुजवलेलं भोक सापडलं. म्हणजे खुंटीला दोराने बांधलेलं जनावर दोर पुरेल तिथवर गोल चरलं होतं.

गावात घोडी एकच, पुतण्याची. वरातींना भाड्याने जाणारी, पावसाळ्यात बसून असणारी.

त्याला विचारलं, "रात्री घोडी कुठे होती?"

"दावणीले. कुट्टी खाऊन राह्यली होती."

"मग आता थोडं हिरवं खाऊ दे."

पंचांसमोर घोडी उरलेल्या गवतात आणली. तिने मान खाली घातली. खरप्... खरप्... म्हातारीने दाराची चौकट धरली.

"हाच आवाज. मले वाटलं, वारलेले मालक दारात बसून सुपारी चावून राह्यले. सांगितलं असतं त तुम्ही मले अजूनच चेटकीण म्हटलं असतं."

घोडीने मान उचलली. खाली तसाच काप होता.

पुतण्याने कबूल केलं. "खुरांले पोते बांधले, लीद भरून नेली. काकू भिऊन गेली असती, त वावर मले भेटलं असतं." जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला.

गुन्हा उघडकीस आला की निर्दोष माणूस सुटतो, असं मी समजत होतो. पुढे बंदोबस्ताला त्या गावात गेलो. रिंगणात पुन्हा गुडघाभर गवत वाढलं होतं. पायवाट मात्र तिथे वळसा घेत होती. म्हातारीने चहा ठेवला होता. मी गवतातून सरळ दारापर्यंत गेलो. मागून जमादार आले, ते वळसा घालून.