शेपूट पुढे गेलं

मिस्त्रीने बावीस वर्षांत एकदाच नियम मोडला आणि तो नेमका अंगाशी आला. म्हणजे त्याच्या अंगाशी नाही. तेच तर दुखणं होतं.

मोटरसायकली दुरुस्त करायचं त्याचं गॅरेज म्हणजे एक शटर, दोन स्टँड आणि भिंतीवर लहानमोठे ओळीने टांगलेले पाने. वर्षातून एकदा त्याच्याच गिऱ्हाइकांची आठ-नऊ जणांची टोळी डोंगरातल्या वळणावळणांच्या रस्त्याने फिरायला जायची. पन्नाशीच्या अलीकडचा कुणी नव्हता, त्यामुळे उत्साह दांडगा आणि गुडघे नाजूक. नियम मात्र पक्के. रस्त्याला फाटा फुटला की पुढच्यांपैकी एकाने तिथे थांबून मागच्यांना वाट दाखवायची. तो खांब. सगळ्यांत मागे नारिंगी जॅकेट घालून मिस्त्री. तो शेपूट. कुणीही मागे राहिला तर त्याला सोडून शेपटाने हलायचं नाही. नारिंगी जॅकेट दिसलं की खांबाने समजायचं, सगळे आले, आता आपण सुटलो.

शेपूट होणं मानाचं, असं सगळे म्हणायचे. म्हणणारे सगळे पुढे असायचे. मिस्त्रीच्या वाट्याला डोंगर कमी आणि भावोजींच्या गाडीचं मडगार्डच जास्त येई. भावोजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, बेकरीवाला, स्वभावाने लोणी. झाड दिसलं, थांब. ढग दिसला, थांब. "तुझ्या ताईला फोटो दाखवायचाय रे," म्हणत सावकाश हातमोजे काढायचे, आणि घालताना डावा उजव्यात घालायचे.

या वर्षी ते पाचव्यांदा थांबले तेव्हा मिस्त्री जरा मागे होता. वळण घेतलं तर भावोजींची गाडी कडेला उभी आणि ते स्वतः खाली उतारावर, पाठमोरे, फोन डोळ्यांसमोर धरून. पुढे रिकामा रस्ता, एकामागून एक वळणं, आणि खाली स्वतःच्या हाताने बांधलेलं इंजिन. मिस्त्रीच्या मनात आलं, पाचच मिनिटं. पुढे थांबतो की. आणि तो निघाला. ती वळणं त्याने जीव ओतून मारली. आयुष्यात इतका आनंद त्याला क्वचितच झाला असेल, आणि पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच आनंदाची.

फाट्यावर चष्म्याच्या दुकानाचा मालक खांब होऊन उभा होता. नारिंगी जॅकेट पाहून त्याने हात वर केला, गाडी सुरू केली आणि पुढे गेला. त्याला हाक मारून थांबवायला हवं होतं. पण रंगात आलेल्या मिस्त्रीच्या जिवावर आलं. त्यानेही नुसता हात हलवला.

दोन टेकड्या ओलांडून तो भावोजींची वाट पाहत थांबला. कुणी येईना, तेव्हा त्याने गाडी फिरवली. फाट्यावरून खाणीकडे उतरणाऱ्या चुकीच्या रस्त्यावर भावोजी खडीत आडवे पडले होते. मांडीचं हाड मोडलं होतं.

"कुठला रस्ता ते कळेना," ते कण्हत म्हणाले. "पण तू मागे आहेस म्हणून घाबरलो नाही रे."

फोन केल्यावर टोळी जमली. सगळ्यांनी विचारलं, असं झालं कसं? आणि मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं, "मी मागेच होतो. चेन बघायला जरा थांबलो होतो. फाट्यावर आलो तर खांबच नव्हता."

"अरे, तू माझ्यासमोरून गेलास की!" चष्मेवाला म्हणाला.

"दुसऱ्या कुणाला तरी पाहिलं असशील."

इंजिनचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणाऱ्या मिस्त्रीवर कोण अविश्वास दाखवणार? चष्मेवाल्यालाच चष्मा लागलाय, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना इतकं आवडलं की गावभर झालं. भावोजींना बघायला आलेल्या चष्मेवाल्याला ताईने तर दारातूनच परत पाठवलं. ती एकटी बेकरी ओढत होती, भावोजी खाटेवर होते. मिस्त्री रोज संध्याकाळी जाऊन पिठाची पोती उचलायचा. "तू होतास म्हणून निभावलं," ताई म्हणायची, तेव्हा त्याला पोत्याखाली गाडून घ्यावंसं वाटायचं.

चौथ्या आठवड्यात चष्मेवाला गॅरेजमध्ये आला.

"जरा नीट करून ठेव. विकायचीय."

"का?"

"बस झालं आता."

मिस्त्रीने गाडी स्टँडवर घेतली. प्लग काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला. प्लगला काहीही झालं नव्हतं. चष्मेवाला स्टुलावर बसून पाहत होता.

"नारिंगीच होतं रे," तो अचानक म्हणाला. "शपथेवर सांगितलं असतं. पण सगळेच कसे चुकतील? दोन ठिकाणी डोळे तपासून आलो. काही दोष नाही म्हणतात. तरी दुकानात आता कुणाचा नंबर काढायला हात धजत नाही. बायकोला बसवतो."

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. त्याने तो उचलला नाही.

"तुझे डोळे ठीक आहेत. मीच गेलो तुझ्यासमोरून. भावोजींना मागे टाकून."

चष्मेवाल्याने वाकून खाली पडलेला पाना उचलला, मिस्त्रीच्या हातात दिला. मग उठला.

"हे मला काय सांगतोस? मी तर पाहिलंच होतं. चल, जिथे सांगायचं तिथे सांग."

दोघे चालतच निघाले. वाटेत मिस्त्रीला दोनदा वाटलं, हा म्हणेल, जाऊ दे. तो म्हणाला नाही.

ताईने दार उघडलं. भावामागे उभा असलेला माणूस पाहिला आणि तिचा चेहराच कडक झाला.

"याला कशाला आणलंस माझ्या दारात?" म्हणत ती दार लोटू लागली.

मिस्त्रीने दारात पाय घातला.

"त्याला आत घे, ताई," तो म्हणाला. "दार माझ्या तोंडावर लाव."