लीननं शिकवलेलं चिनी

ऑफिसात नोकरी जायची टांगती तलवार असली की काम होत नाही, किस्से मात्र ढिगानं साठतात! आमच्या वेलिंग्टनच्या ऑफिसात रिस्ट्रक्चरची मीटिंग झाली, तेव्हापासून लंचला दुसरा उद्योगच नाही. चौघांपैकी दोघांनाच ठेवणार. माझ्या शेजारी बसणारी लीन चीनमधल्या चेंगदूची. तिकडे एकट्या असलेल्या तिच्या आईला यातलं काही कळता कामा नये, ही तिची सक्त ताकीद. ती चिनी इंटरनेटवरचे शब्द सांगून आमचं सांत्वन करायची. सांत्वन कसलं, डोंबलाचं!

*

पहिला शब्द, 'मासे चाचपणं'. म्हणजे ऑफिसात बसून टाइमपास. मूळ एका जुन्या म्हणीत: पाणी गढूळ झालं की मासे धरून घ्यावेत.

मी म्हटलं, "मग काय, आपलं पाणी गढूळच आहे!"

"हो, पण या वेळी मासे आपण आहोत."

*

'आडवं पडणं' म्हणजे शर्यतच सोडून देणं. प्रमोशन नको, घर नको, लग्न नको. अप्पर हट या लांबच्या उपनगरातून येणारा आमचा संदीप एकदम खूश. "स्वीट ॲज! झकास! हे मला जमेल."

लीननं विचारलं, "मॉर्गेज आहे?"

"आहे ना."

"मग तू बसूनच राहा."

*

देश सोडून जाण्यालाही त्यांचा शब्द आहे. अक्षराचा अर्थ 'ओलसर', पण रोमन लिपीत लिहिलं की होतं 'रन', म्हणून पळ काढणं.

"आपण तर पळून आलो गं. आता पुढे?"

लीननं खिडकीबाहेर दक्षिणेकडे बोट दाखवलं. "अंटार्क्टिका."

*

घोड्याचं चिनी वर्ष लागलं तेव्हा बॉस ग्रॅहॅमला उत्साह आला. लीनच्या मगवर 'बैल-घोडा' असं चिनीत लिहिलेलं. त्याला वाटलं, शुभेच्छाच! त्यानं टीमसाठी तेच लिहिलेले टी-शर्ट छापून आणले. तिकडे मरेस्तोवर राबणारे नोकरदार स्वतःला 'बैल-घोडा' म्हणवतात, हे त्याला कोण सांगणार?

चिनी क्लायंट आले. सगळ्यांनी शर्ट वाचले. मग त्यांच्यातला सगळ्यात थोरला हळूच लीनला म्हणाला, "लार्ज उरलाय का?"

*

नोकरीवरून काढलं की तिकडे 'ग्रॅज्युएट झाला' म्हणतात. कंपन्याच तसं गोड लिहून निरोप द्यायच्या, त्यावरून ही थट्टा.

शेवटी लीन ग्रॅज्युएट झाली. मी राहिले. फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

पण तिच्या आईचा व्हिडिओ कॉल रोज लंचलाच यायचा. म्हणून लीन आमच्या बिल्डिंगखालच्या कॅफेटेरियात यायची, गळ्यात नुसती आयडीची दोरी अडकवून. आम्ही मागून हात हलवायचो. सगळं जसंच्या तसं!

एकदा ती फोन टेबलावर ठेवून डबा गरम करायला गेली. आईंनी इकडेतिकडे बघितलं, जवळच्या दुसऱ्या फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये घाईघाईनं काहीतरी बोलल्या आणि तो फोन कॅमेऱ्यासमोर धरला. त्यातून इंग्रजीत आवाज आला, "तिची नोकरी गेली, मला माहीत आहे. तिला सांगू नका. ती नीट जेवते ना?"

मी कशीबशी मान हलवली. तेवढ्यात लीन डबा घेऊन आली. आई लगेच हसून तिच्याशी बोलायला लागल्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणते, फार काम करू नकोस."