भिंतीच्या उंचीएवढी जागा

मी केलेलं स्टूल हलतं. चारही पाय मोजून कापले होते, तरी हलतं. दुसऱ्या घरात लोक यावर हसले असते. आमच्या घरात त्या स्टुलावर बसलेला माणूस हलला की आधी वर पंख्याकडं बघतो आणि मग दाराकडं. पंखा झुलत नाही असं दिसलं की मग सावकाश माझा उद्धार करतो. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं सास्तूर गाव आडवं झालं, नव्यानं वसलं, पण ही पंख्याकडं बघायची सवय काही गेली नाही.

मी शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी लाकडं बिघडवतो. रंधा, करवत, पटाशी हे सगळं स्वयंपाकघराच्या कडेला असायचं. एक दिवस बायको म्हणाली, "पिठात भुसा येतोय. मागं एक खोली बांधा, न्हायतर ती करवत तरी कुणाला देऊन टाका."

मागं म्हणजे परसात. पुनर्वसनात मिळालेला प्लॉट, मागं तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद मोकळी जागा. तिच्यात एक लिंबाचं झाड आणि झाडापासून जरा अलीकडं आईची बाज. बाजेवर चार पाइपांवर टाकलेला पत्रा. भूकंपानंतर आई एकदाही घरात झोपलेली नाही. जेवायला आत येते, आजारी पडली तर दुपारी जरा टेकते, पण झोपायला पुन्हा बाजेवर. बाज तिथंच का, असं मी कधी विचारलं नव्हतं. लिंबाची सावली मिळते म्हणून असेल, असं मी धरून चाललो होतो.

ग्रामसेवकांना बोलावलं. ते टेप घेऊन आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "सर, शेजाऱ्याच्या हद्दीपासून तीन फूट सोडा, नकाशा काढून अर्ज द्या. एवढं केलं की आमची काही हरकत न्हाय." मी खूश. जुन्या गावठाणातून आणलेले काळे दगड कुंपणाशी पडूनच होते. दहा बाय आठची दगडी खोली, आठ फूट उंच. मी फक्कीनं जमिनीवर पांढऱ्या रेघा मारल्या. तीन फूट अगदी काटेकोर सोडले. इंचाचीही चूक नव्हती.

आई बाजेवरून उठली, रेघांपाशी आली. "किती उंच?"

"आठ फूट."

तिनं लिंबं पाडायची काठी घेतली, माझ्याकडून तिच्यावर आठ फुटांची खूण करून घेतली आणि रेघेपासून काठी आडवी टाकली. काठीचं टोक बाजेच्या मधोमध आलं.

"भिंत तिच्या उंचीइतकी लांब पडती," ती म्हणाली. "गणित शिकवतोस ना पोरांला?"

मग मला दिसलं. आमच्या घराची भिंत नऊ फुटांची. बाज त्या भिंतीपासून अकरा फुटांवर. शेजाऱ्याचं कंपाउंड पाच फुटांचं, बाज त्याच्यापासून सातावर. सावलीचा काही संबंधच नव्हता. कुठलीही भिंत पडली तरी पोचणार नाही अशी जागा तिनं मोजून धरली होती, आणि तीसेक वर्षं मी तिला चहा नेऊन देत होतो तरी मला ते कळलं नव्हतं.

तरी मी हटलो नाही. माणूस शहाणा असला की लवकर हटत नाही. म्हटलं, पाया खणायला सुरुवात करू, भिंतीचं नंतर बघू. पहार घेऊन कोपरा उकरायला लागलो. आई बाजेवर शेंगा सोलत होती.

चारपाच घाव घातले असतील. खालून आवाज आला. उसानं भरलेली ट्रॉली जमिनीच्या पोटातून गेल्यासारखा. घरातल्या मांडणीवरची ताटं खणखणली. आमच्याकडं असे आवाज अधूनमधून होतात, पेपरात दोन ओळी येतात.

मी पहार टाकली आणि पळालो. उघड्या परसातून, जिथं डोक्यावर आभाळाशिवाय काही नव्हतं, तिथून मी मागच्या दारानं घरात शिरलो, दोन्ही खोल्या ओलांडल्या आणि पुढच्या दारानं गल्लीत आलो. स्लॅबखालून. बाजेवर बसलेल्या आईच्या बाजूनं. पायांना एकच रस्ता ठाऊक होता. सोळा वर्षांचा असताना भूकंपाच्या पहाटे मी असाच पुढच्या दारानं पळालो होतो, आणि माझ्यामागं भिंत आईवर आली होती. दुपारी आम्ही तिला ढिगातून उकरून काढलं. पाहुण्यांना सांगताना मी म्हणायचो, 'मी बाहेर फेकलो गेलो.' कुणी फेकलं नव्हतं.

गल्लीत बायको आणि शेजारणी उभ्या होत्या. बायकोनं विचारलं, "आवं, तुम्ही परसात होता न्हवं?" मी तसाच वळलो. परत मागं आलो. आईच्या हातातली शेंग अजून तशीच होती.

"कुठं गेलतास?"

"लोक बाहेर आलेत का, ते बघाय."

"व्हय." तिनं शेंग फोडली. "तवाबी तसंच गेलतास."

एवढ्या वर्षांत ती हे पहिल्यांदाच बोलली. मग तिनं दाणे माझ्या हातावर ठेवले. "बरं झालं गेलास. दोघंबी सापडलो असतो तर मला उकराया कोण आलं असतं? पर उघड्यावरून घरात पळणारा तूच पहिला बघितला."

दगड कुंपणाशीच राहिले. नवा नकाशा आईच्या बाजेपासून सुरू केला. अँगलचा सांगाडा, वर पत्रा, बाजूला पत्रा, उंची सात फूट, बाजेपासून अंतर आठ. वर फळी नाही, वजन नाही. दार बाहेर उघडणारं. आईच्या नियमातून आणि ग्रामसेवकांच्या नियमातून जे उरलं ते सहा बाय पाच. फळी रंधायला घेतली की अर्धी दाराबाहेर येते, आणि कोंबड्या तिच्यावर येऊन बसतात. दार मी मुद्दाम बाजेच्या समोर ठेवलं. का, ते कुणाला सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात पुन्हा आवाज झाला. मी आत होतो. पत्रा थरथरला, रंधा हातातून सुटला. बाहेर आलो तो सरळ बाजेपाशी. आईचा दंड धरला आणि तसाच उभा राहिलो. ताटं वाजायची थांबली, कुत्री गप्प झाली.

"आरं, सोड," आई म्हणाली. "भूकंपात मोडला न्हाय हात, तू मोडशील."

मी सोडला. पण बाजेपाशी बराच वेळ उभा होतो. पायांना अजून गल्लीकडंच जायचं होतं.