मामांनी केलेला खून

माझ्या यजमानांच्या मामांइतका शास्त्रशुद्ध माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्या शास्त्राचा त्रास झाला नाही असं एक घर आमच्या वाडीत सापडणार नाही. तरुणपणी गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, पुरातत्त्ववाल्यांचं उत्खनन झालं, तेव्हा मामा तिथे दोन हंगाम मजुरीला होते. काम संपलं, साहेब पुण्याला गेले. मामा मात्र अजून उत्खननावरच आहेत. अळूच्या वाफ्यातली माती ते रंगाच्या ब्रशने झाडतात. फणस फोडण्याआधी उत्तर दिशा ठरवतात. सापडलेली वस्तू नोंद केल्याशिवाय हलवायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. त्यापायी मामींचा चष्मा दीड दिवस माजघरात जमिनीवर होता आणि मामी मीठ चाचपून आमटीत घालत होत्या. मी स्वतः डब्यांना चिठ्ठ्या लावणारी बाई, म्हणून आमचं जमतं. तरी माझ्या तूरडाळीच्या डब्यावर त्यांनी “थर दुसरा, किडे आढळले” अशी चिठ्ठी चिकटवली, तेव्हा मी चार दिवस बोलले नाही. साहेबांनी दिलेला चोख कामाचा दाखला त्यांनी देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलेला. “आमच्या चरात बिडीचं थोटूक पडू दिलं नाय मी!” हे वाक्य वाडीतल्या पोरांनाही पाठ.

यंदा त्याच सड्यावर कलमांसाठी खड्डे मारताना जेसीबीला उत्खननाचा बुजवलेला चर लागला, आणि टेरिलीनच्या शर्टात बांधलेली हाडं वर आली. डोकं नव्हतं. डोकं नाही म्हणजे खून, हे वाडीने दुपारच्या जेवणाआधी ठरवलं; आणि मेलेला माणूस म्हणजे शेजारच्या दाजींचा धाकटा भाऊ, हे जेवणानंतर. उत्खनन संपलं त्याच वर्षी तो बांधावरून दाजींशी भांडून मुंबईला निघून गेला होता. पुढे पत्र नाही की निरोप नाही. पोलिसांनी हाडं तपासणीला नेली. अहवालाला वेळ लागेल म्हणाले. वाडीला कुठला वेळ? दाजींच्या नातीचा साखरपुडा आठ दिवसांवर आला होता. खेडच्या पाहुण्यांचा फोन आला, “जरा थांबूया.” दाजी ओटीवर बसेनासे झाले.

त्या दिवसांत मामांचा ब्रश कोनाड्यात पडून होता. “ह्यांना ताप आलाय का बघ गो,” मामी मला म्हणाल्या. ताप नव्हता. तिसऱ्या दिवशी देवळात बैठक भरली, तेव्हा मामा उभे राहिले.

“खून मी केलाय.”

“कोणाचा?” पोलीस पाटलांनी विचारलं.

“बोकडाचा.”

झालं होतं असं. सड्याची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, बोकडाचा मान दिल्याशिवाय काम सोडून जायचं नाही, असा मजुरांचा हट्ट. साहेबांची सक्त ताकीद, चराजवळ हाड दिसता कामा नये, सगळा पुरावा बाटेल. शेवटच्या दिवशी साहेब रत्नागिरीला गेलेले पाहून मामांनीच बोकड दिला. मुंडी रिवाजाप्रमाणे मानकऱ्याच्या घरी पोचवली, सगळे पोटभर जेवले, आणि उरलेली हाडं मामांनी आपल्या शर्टात बांधून चरात लोटली. वर माती.

“म्हणजे मामा, सगळ्यात मोठी घाण तुमचीच!” मागून कोणीतरी ओरडलं.

“व्हय,” मामा म्हणाले. “आनि लिहून घ्या. थर पहिला.”

देऊळ हसलं. मामा हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी दाखला स्वतः उतरवला आणि ट्रंकेत ठेवला. पुढे अहवालातही बोकडच निघाला, पण त्याची वाट न बघता खेडचे पाहुणे ठरल्या दिवशी आले.

साखरपुड्याची व्यवस्था माझ्याकडे होती. जेवणं उरकल्यावर दाजींनी मामांना हाताला धरून ओटीवर आपल्याशेजारी बसवलं. दोघे सुपारी कातरू लागले.

“हाडं निघाली तेव्हा मलापण तोच वाटला,” दाजी हळूच म्हणाले. “बोकड व्हता, म्हणजे आमचा धाकटा कुठंतरी असंल. नाय?”

मामांनी अडकित्ता मिटून खाली ठेवला.

“असंल,” ते म्हणाले.

पुरावा नसताना मामांनी काही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. दाजींनी मान हलवली आणि पेढ्यांचा एक पुडा बाजूला काढून ठेवायला मला सांगितलं. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.