एक्याण्णवचा धागा

तास संपला की अंबादास मास्तर फळा स्वतः पुसायचे. ओल्या फडक्यानं, दोनदा. मग दाराबाहेर डोकावून बघायचे. इंग्रजी चौथीच्या पोरांना शिकवलेलं त्रैराशिक चोरून कोणाचं भलं होणार होतं, देव जाणे. आमच्या सोलापूरच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि मी ड्रॉइंग.

घराणं तेलुगू विणकरांचं. वडील हातमागावर लुगडी विणायचे. संशयाचं बाळकडू तिथलंच. "आमच्या बापाच्या किनारीत एक धागा मुद्दाम चुकीचा असायचा की," ते मला सांगायचे. "नक्कल करणारा तोही उतरवतो आणि सापडतो. लबाड माणूस मोजत बसत नाही, मास्तर."

एका वर्षी दक्षिणेतल्या एका विद्यापीठात संख्यांच्या गणितावर संशोधन करायची जागा निघाली. शिकवणं नाही, तपासणं नाही. दोन वर्षं नुसता अभ्यास. वयाच्या अटीत मास्तर जेमतेम बसत होते, यंदा हुकलं की कायमचं हुकलं. मूळ संख्यांवर, म्हणजे एक आणि स्वतः सोडून ज्यांना कशानंच भाग जात नाही त्यांच्यावर, त्यांनी दहा वर्षं कागद काळे केले होते. ते आता अर्जासोबत पाठवायचे होते, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून नाइलाजानं ते माझ्याकडे आले.

"तुमचं अक्षर लई छान," ते म्हणाले. "फक्त उतरवायचं. वाचायचं नाही."

रविवारी त्यांच्या घरी, दाराला कडी लावून, मी उतरवायला बसलो. ते समोर मांडी घालून माझ्या हाताकडे बघत होते. अकराव्या पानावर मूळ संख्यांची यादी आली. त्र्याऐंशी, एकोणनव्वद, एक्याण्णव. माझा टाक थांबला. तेर सत्ते एक्याण्णव, हे मला चित्रं काढणाऱ्यालाही पाठ होतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. शाई वाळली."

बोललो असतो तर "म्हणजे वाचलंत!" म्हणून कागद ओढून घेतले असते. आणि खरं सांगायचं तर मी चिडलोही होतो. चोरासारखं समोर बसवतोस काय, मग निस्तर तुझं तू. मी एक्याण्णव सुबक काढला आणि पुढे गेलो.

काम झाल्यावर त्यांनी पानं तीनदा मोजली. माझा टीपकागद आरशासमोर धरून वाचून पाहिला आणि ठेवून घेतला. मग पाकीट स्वतः पोस्टात नेऊन टाकलं.

दोन महिन्यांनी भर दुपारी ते अनवाणी माझ्या दारात आले. हातात विद्यापीठाचं पत्र होतं. मांडणी नवी आहे, पण एक्याण्णवला मूळ संख्या मानणाऱ्या उमेदवाराच्या पुढच्या पानांवर भरवसा कसा ठेवावा, असं लिहून त्यांनी जागा दुसऱ्याला दिली होती.

"एक्याण्णव तुम्ही घातलात," मास्तर म्हणाले. "कोणी सांगितलं होतं?"

मी त्यांना तसंच घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि मूळ कागद काढायला लावले. अकरावं पान निघालं. एक्याण्णव त्यांच्याच कोंबडीच्या पायांत होता. ते खाली बसले.

"धागा माझाच की," ते म्हणाले. "तुम्ही नक्कल कुणाला दिली तर सापडावी म्हणून घातला होता. पाठवायच्या आधी काढणार होतो. तुमचा टीपकागद बघण्यात राहून गेलं, मग विसरलोच."

"मग कळवा त्यांना तसं."

"मुद्दाम चूक घातली होती म्हणून? मीच असतो तिथं, तर विश्वास ठेवला असता का?"

त्यांनी कळवलं नाही. पुढे तीच शाळा, तोच फळा, तेच ओलं फडकं.

चार वर्षांनी मी सोलापूर सोडलं. निघायच्या दिवशी मास्तर घरी आले आणि सुती चादरीत बांधलेला एक गठ्ठा त्यांनी माझ्या हातात ठेवला. "शुद्ध प्रत. मीच लिहिली. असू द्या तुमच्याकडे. वाचू नका म्हटल्यावर न वाचणारा माणूस मला एकच भेटला." मग ते हसले. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. "वाचलं असतंत तर बरं झालं असतं की."

मी गठ्ठा सामानात ठेवला. पुढे त्यांच्या निधनाचं पत्र आलं आणि एक्याण्णव मला दिसला होता, हे सांगायचं राहिलं ते राहिलंच.

त्यातलं गणित मला आजही कळत नाही. फक्त अकरावं पान तेवढं मी पुन्हा पुन्हा उघडून बघतो. तिथं एकोणनव्वदनंतर थेट सत्त्याण्णव आहे.