प्लगचे आटे

दर शनिवारी सकाळी स्कूटरचा प्लग साफ करायचा हे बाबांचं काम. हात थरथरू लागल्यापासून बाकीची कामं आम्ही एकेक करून त्यांच्याकडून काढून घेतली होती, एवढं एकच उरलं होतं. त्या शनिवारी त्यांनी प्लग तिरका घातला आणि जोर लावून कसला. मी गाडीवर असताना नारायणगुड्याच्या चौकात तो फट्कन उडाला. आतले आटे पार सोलून निघाले होते.

"चूड्यां खतम, अम्मा. हेडइच बदलना पडता," मेकॅनिक म्हणाला. आटे गेले, इंजिनाचं डोकंच बदलायचं, आठवडाभर गाडी ठेवा म्हणे. म्हणजे बाबा विचारणार, आणि कळलं की हे कामही स्वतःहून सोडणार. ते मला नको होतं. मी गाडी ढकलत चिक्कडपल्लीला आणली, जिन्याखाली लावली आणि रिक्षानं राणीगंजचा हत्यारांचा बाजार गाठला. आटे पाडायचा टॅप मिळाला, जुन्या आट्यांच्या जागी बसवायच्या तारेच्या स्प्रिंगा मिळाल्या. त्या आत फिरवायचं हत्यार तेवढं संपलं होतं.

बाबा जेवून झोपले होते. चार वाजता चहाला उठतात. मी टॅपला ग्रीस फासून तो प्लगच्या भोकात पान्यानं फिरवला, एका जुन्या बोल्टाच्या टोकाला करवतीच्या पात्यानं खाच पाडली. स्प्रिंगेच्या तळाशी एक आडवी शेपटी असते, ती खाचेत अडकवून स्प्रिंग आत फिरवायची. मधेच वर पंखा बंद झाल्यासारखं वाटलं की मी जिना चढून कानोसा घेऊन यायची. तीन-चारदा तरी गेले असेन. स्प्रिंग बसली. आता ती शेपटी मोडून काढायची. घाईत मी स्क्रूड्रायव्हरनं ठोकली आणि ती मोडून सिलिंडरात पडली. तशीच गाडी चालू केली तर इंजिनाची वाट. लोहचुंबक घातला, पण तार स्टेनलेसची, काही त्याला चिकटेना. माझं डोकं फिरलं.

"काय हुडकायलीस?" बाबा पायरीवर उभे होते.

"वॉशर पडलाय," मी ठोकून दिलं.

त्यांनी टॉर्च घेऊन भोकात धरला. उजेड हलत होता. मी उदबत्तीच्या काडीला ग्रीस लावून आत फिरवत राहिले. शेवटी ती तार चिकटून वर आली. बाबांनी ती पाहिली, मग भोकातले नवे चकचकीत आटे पाहिले. 

मी नेहमीसारखा प्लग त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनीच, फार जपून, टेकेपर्यंत फिरवला. मग पाना उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"तूच कस. माझ्या हाताला आता समजत नाही."

हे त्यांना बोलावं लागू नये म्हणून तर मी दुपारभर आटापिटा करत होते. मला भयंकर राग आला, कुणाचा ते सांगता येणार नाही. मी पाना घेतला आणि कसू लागले. बाबा वाकून बघत होते.

"बस," ते म्हणाले, "आता थांब."